पार्ट आल्यावर काढणे

मागच्या मंगळवारी माझं वॉशिंग मशीन पाण्याने तुडुंब भरून उभं राहिलं ते राहिलंच. कपडे धुवून झाले, पण पाणी काही बाहेर जाईना. मेकॅनिक आला, मागचं झाकण उघडून त्याने आत बॅटरी मारली आणि म्हणाला, "मैडम, ड्रेन मोटर गई. पार्ट आने में दस-बारह दिन लगेंगे." तोवर काय करू विचारलं तर म्हणतो, "हाथ से धो लो." शहाणाच मेला! तो लिफ्टमध्ये शिरल्यावर मी स्वयंपाकघरातल्या खणातून सुतळी काढली, मशीनच्या मागे हात घालून पाणी सोडणारी पट्टी चाचपली, तिला सुतळी बांधली आणि दुसरं टोक बाहेर ओढून खिळ्याला अडकवलं. भडभडा पाणी गेलं. मग एका कागदावर मी लिहिलं, "तात्पुरते. पार्ट आल्यावर काढणे." चिकटपट्टीने कागद मशीनवर लावला आणि खाली सही करायला गेले तर हात थांबला, कारण ही चिठ्ठी माझी नव्हतीच. ही मेश्राम काकांची. मी त्यांचंच नाव लिहिलं आणि तिथेच स्टुलावर बसून बराच वेळ रडले.

मेश्राम काका माझे शेजारी. गाझियाबादला वसुंधरामध्ये आमचे फ्लॅट एकाच मजल्यावर, मधे एकच भिंत. मूळचे भंडाऱ्याचे. दिल्लीत केंद्र सरकारच्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी पस्तीस वर्षं मापाची यंत्रं दुरुस्त केली आणि रिटायर झाल्यावर आमच्या सोसायटीतल्या यंत्रांच्या मागे लागले. उंच, काळेसावळे, अंगात बाराही महिने बिनबाह्यांचा स्वेटर. मे महिन्यातही! विचारलं तर म्हणायचे, "खिसे आहेत ना वो याला." आणि खरंच होते. दोन खिसे काकूंनी शिवून दिलेले, एकात पेचकस आणि टेस्टर, दुसऱ्यात सुतळी, रबर आणि कागदाच्या कापलेल्या चिठ्ठ्या.

माझी त्यांची ओळखही ड्रेन मोटरनेच करून दिली. सात-आठ वर्षं झाली असतील. नवरा फिरतीवर, सकाळी ऑफिसात साहेबांची मीटिंग, आणि मशीनमध्ये पाण्यात बुडालेल्या माझ्या सगळ्या साड्या. मी दारात उभी राहून फोनवर कंपनीच्या पोरीला झापत होते. काका समोरून जात होते. थांबले, ऐकलं, आणि म्हणाले, "ताई, तिच्यावर काहून ओरडता? तिच्याकडे पार्ट थोडीच आहे. पाहू द्या." पाच मिनिटांत सुतळी बांधून मोकळे. वर चिठ्ठी लावली आणि मला बजावलं, "हे तात्पुरतं आहे बरं का. पार्ट आला की मला सांगा."

पार्ट आला, बसला, मशीन चालायला लागलं आणि मी सुतळी तशीच लोंबकळत ठेवली. काय बिघडलं? पण एक दिवस काका आले, त्यांना ती दिसली, आणि हा मऊ माणूस माझ्यावर असा काही चिडला म्हणता! "पार्ट येऊन महिना झाला अन् तुम्ही सांगितलं नाही? तात्पुरतं काम असं राहू द्यायचं नसते ताई. त्याची सवय लागते. मग खरं काम कोणी करतच नाही." सुतळी सोडवली, नीट गुंडाळली, खिशात टाकली. चिठ्ठीही काढून नेली. वर्कशॉपमधला नियम तसाच होता म्हणे. जे काम कच्चं केलंय त्यावर लिहायचं, सही करायची, आणि पक्कं झालं की आपल्या हाताने तो कागद काढायचा. "चिठ्ठी नसलेलं जुगाड म्हणजे खोटं बोलणं," हे त्यांचं आवडतं वाक्य. सोसायटीत कुणाच्या गीझरवर, कुणाच्या लिफ्टच्या बटणावर, गार्डच्या खुर्चीच्या पायावरसुद्धा ती चिठ्ठी असायची. मराठीत! गार्ड बिहारचा, लिफ्टवाला अलिगढचा, वाचणार कोण? पण चिठ्ठी मराठीतच. "सही माझी आहे ना, मग भाषा माझीच राहील," म्हणायचे.

काकूंचं नाव कुसुम. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं स्टाफ नर्स. बुटक्या, गोऱ्या, आवाज खणखणीत. सगळं घर वॉर्डासारखं चालवायच्या. चादरीला सुरकुती दिसली की पाहुण्यालाही उठवायच्या. कपडे धुवायचे मशीनने, वाळत घालायचे काकांनी, पण घड्या फक्त काकूंनी. मोठी चादर असली की काकांना हाक, "अनिकेतचे बाबा, टोक धरा!" मग दोघं समोरासमोर उभे, चादर ताणायची, काठ आत, दोन पावलं पुढे, टोकाला टोक. मी कितीदा भिंतीपलीकडून ती हाक ऐकली असेल! अनिकेत त्यांचा एकुलता मुलगा, बंगलोरला नोकरीला.

काकूंचं बिघडतंय हे पहिल्यांदा कळलं ते पानिपतला. आमच्या मराठी मंडळाची बस दर जानेवारीत काला अंबला, पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, जाते. त्या वर्षी करनाल रोडवर बसचं दार बंदच होईना, धुकं आणि गार वारा आत. काकांनी दोरीने दार बांधलं, वर चिठ्ठी लावली. तो हरयाणवी ड्रायव्हर हसून हसून बेजार. "ताऊ, ये के लिख्या सै?" काका गंभीरपणे म्हणाले, "लिखा है कि ताऊ ने मरम्मत नहीं की, सिर्फ बाँधा है." सगळी बस हसली. मग आम्ही स्मारकाशी पोचलो, फुलं वाहिली, सगळे गप्प उभे होतो, आणि काकूंनी मला कोपराने ढोसून विचारलं, "सिस्टर, आपण कोणाच्या मयताला आलोय?"

आजूबाजूच्या बायका खुदकन हसल्या. मलाही वाटलं काकू चेष्टा करताहेत, आणि मी म्हणाले, "फार जुन्या ओळखीच्या लोकांच्या, काकू." मग काकांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. त्यांनी काकूंच्या अंगावरची शाल नीट केली.

त्यानंतर तीन वर्षांत काकू एकेक करून सगळं विसरल्या. अनिकेतला विसरल्या, सुनेला विसरल्या, घर कुठलं ते विसरल्या. उरला तो वॉर्ड. मी त्यांच्यासाठी सिस्टर. "सिस्टर, सात नंबरचं सलाईन बदललं का?" मी म्हणायचे, "हो मॅडम, आत्ताच." आणि काका? काका झाले वॉर्डबॉय. "ए, नुसता उभा काय राहतोस? बेडपॅन घे." आणि काका म्हणायचे, "घेतो मॅडम." आंघोळ, जेवण, औषध, सगळं त्यांच्या हातचं, आणि वर बोलणी खायची. एकदा मला म्हणाले, "चाळीस वर्षांत प्रमोशन नाही झालं वो ताई, उलट डिमोशन झालं." मी हसले. कर्म माझं, मी खरंच हसले.

आता त्यांच्या मशीनबद्दल सांगते, कारण माझ्या पापाची सुरुवात तिथे आहे. ते मशीन बारा-तेरा वर्षांचं, वरून झाकण उघडणारं. मॉडेल कधीच बंद झालेलं. पार्ट मागवला की कंपनीकडून एकच उत्तर, "सर, अवेलेबल होते ही कॉल आएगा." त्यामुळे त्या मशीनवर चार चिठ्ठ्या होत्या. पाणी सोडायला सुतळी. झाकण बंद आहे असं मशीनला वाटावं म्हणून चिकटवलेलं फ्रिजवरचं लोहचुंबक. पाणी बादलीने भरायचं, कारण नळाकडचा व्हॉल्व्ह गेलेला. आणि थरथर कमी व्हावी म्हणून पायांखाली जुन्या चपलांचे तुकडे. रोज चादरी धुवाव्या लागत, कारण काकूंचा ताबा सुटला होता. रोज सकाळी दहाला काका बादल्या ओतायला सुरुवात करायचे. सुट्टीच्या दिवशी घरी असले की भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. बादल्या, घरघर, सुतळी ओढल्यावर भसाभस पाणी, आणि अकराच्या सुमाराला मशीनचं ते संपल्याचं टुणटुण गाणं.

"काका, नवीन घ्या की हो!" मी तीन महिने टोचत होते. "चालते ना वो ताई," एवढंच उत्तर. मला वाटलं चिकटपणा. सोसायटीतही सगळे तेच म्हणायचे. शेवटी मी परस्पर अनिकेतला फोन लावला. म्हटलं, "अरे, तुझे बाबा या वयात बादल्या उचलतात, बरं दिसतं का?" तो बिचारा लगेच तयार. आम्ही दोघांनी गुपचूप ठरवलं. नवीन मशीन येईल, जुनं एक्सचेंजमध्ये जाईल, आणि ते अशा दिवशी की काका घरी नसतील. नोव्हेंबरात काकांना हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचं होतं. मी अर्धी सुट्टी टाकली आणि म्हटलं, "काकूंजवळ मी बसते, तुम्ही निवांत जा." त्यांनी मला हात जोडले. मला तर वाटत होतं की मी केवढं मोठं काम करतेय!

टेम्पोवाले दोघं आले. नवीन मशीन ठेवलं, जुन्याची वायर काढली, आणि ते बाथरूममधून सरकवत बाहेर आणलं. सुतळी, चुंबक, चिठ्ठ्या सगळ्यासकट. काकू खुर्चीत बसल्या होत्या. मशीन समोरून जाताना त्या एकदम उठल्या, त्याच्या झाकणावर दोन्ही हात ठेवले आणि रडायला लागल्या. "आत माझे कपडे आहेत. अजून झाले नाहीत. नेऊ नका." मी त्यांचे हात सोडवले. एकेक बोट धरून सोडवले. म्हटलं, "काकू, रिकामं आहे ते, बघा. नवीन आलंय." त्यांना काय कळतंय, असं माझ्या मनात होतं. ती बोटं अजून माझ्या हाताला आठवतात.

काका दुपारी आले. बाथरूमच्या दारात उभे राहिले. मी टाळी वाजवायची तेवढी बाकी होती. त्यांनी नवीन मशीन पाहिलं, वळले, आणि अगदी हळू विचारलं, "ताई, जुनं कुठं आहे?"

"गेलं काका! एक्सचेंजमध्ये. अनिकेतने पाठवलंय नवीन."

ते खाली जमिनीवरच बसले. "त्याच्यावर चिठ्ठी होती वो," म्हणाले. "पार्ट आल्यावर काढणे असं लिहिलं होतं. मशीन काढा असं कुठं लिहिलं होतं?"

मी म्हटलं, "अहो पण एवढं काय त्यात?" तेव्हा त्यांनी सांगितलं. दिवसभर काकू त्यांना ओळखत नाहीत. पण अकरा वाजता मशीनचं ते गाणं वाजलं की काकूंचे हात आपोआप उचलतात. म्हणतात, "झालं का? आणा, घडी घालते." काका चादर आणतात. (ओली चादर खरं तर, पण त्यांना काय त्याचं.) आणि मग काकू म्हणतात, "अनिकेतचे बाबा, टोक धरा."

"तेवढं दहा मिनिटं मी तिचा नवरा राहतो ताई," काका म्हणाले. "रोज. मग घडी झाली की पुन्हा वॉर्डबॉय. म्हणून मी धकवून राहिलो होतो. त्याच्यातलं गाणं फक्त त्याच्याकडेच आहे."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी तीन महिने टोचत होते आणि हा माणूस एका शब्दाने बोलला नव्हता! विचारलं तर म्हणाले, "असं कसं सांगायचं? हसले असते लोक." आणि हसले नसते का? मी पहिली हसले असते.

आम्ही तसेच निघालो. शेजारच्या बाईला काकूंजवळ बसवलं. टेम्पोवाल्याला फोन करकरून साहिबाबादच्या गोदामाचा पत्ता काढला. तिथे उघड्यावर जुन्या मशीनांचा हा ढीग. गोदामवाला द्यायला तयार नाही, "एंट्री हो गई मैडम." मी ऑफिसातला आवाज काढला, भांडले, तणतणले, शेवटी त्याने हात जोडून न्या म्हटलं. काकांना त्यांचं मशीन चिठ्ठ्यांवरून सापडलं. आडवं पडलं होतं, टेम्पोतून उतरवताना वरून सोडलं असावं. पॅनलला मधोमध तडा होता आणि वरच्या मशीनमधलं साचलेलं पाणी त्या तड्यातून आत गेलं होतं. घरी आणलं. काकांनी उघडलं, पुसलं, हेअर ड्रायरने वाळवलं, दोन दिवस उन्हात ठेवलं. मोटर ठीक होती, टबही. पण सगळं चालवणारं कार्ड, ज्याच्यात ते गाणं होतं, ते जळालं होतं. मी जाळलं होतं.

मी म्हटलं, "काका, सॉरी." ऑफिसात फाइल उशिरा गेली तर म्हणतो ना, तसं. त्याहून जास्त काही मला जमलंच नाही. ते म्हणाले, "तुम्ही चांगल्यासाठीच केलं ना वो." दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग सुरू झालं कार्डासाठी थांबणं. कंपनीने हात वर केले. शमीम नावाचा एक मेकॅनिक होता, जुन्या मशीनांचे पार्ट काढून विकणारा. तो म्हणाला, "अंकल, इसी मॉडल की कोई मशीन कटेगी तो कार्ड आपका. जबान दी." तोवर काकांनी कुठल्याशा जुन्या मशीनचा टायमर आणून मोटर थेट त्यावर चालवली. पाचवी चिठ्ठी लागली. कपडे धुवून होत होते. गाणं मात्र नव्हतं, आणि अकरा वाजता काकू नुसत्या बसून राहत. नवीन मशीन एकदा लावून पाहिलं. ते पिकपिक वाजलं तशा काकू दचकल्या आणि म्हणाल्या, "मॉनिटर बघ रे, पेशंट गेला वाटतं." काकांनी ते पुन्हा खोक्यात भरलं.

मी मोबाइलवर शोधशोध शोधलं. त्याच कंपनीच्या जवळपासच्या मॉडेलचं गाणं सापडलं. वाजवलं तर काकू म्हणाल्या, "कोणाचा फोन वाजतोय? वॉर्डात फोन बंद ठेवा."

आणि मग एका रविवारी भिंतीपलीकडून शिट्टी ऐकू आली. मी भाजी चिरत होते, कान टवकारले. बेसूर, हवाच जास्त, पण गाणं तेच, मशीनचं. काका कानाने अगदी ढ. मंडळाच्या कार्यक्रमात वंदनेला उभे राहिले तरी त्यांचा सूर एकीकडे आणि बाकीच्यांचा दुसरीकडे. ते बाथरूमचं दार लोटून आत उभे राहत, टायमर संपला की शिट्टी वाजवत, आणि मग चादर घेऊन बाहेर येत. पहिला दिवस काही नाही. दुसरा, तिसरा, काही नाही. पाचव्या दिवशी मी रजेवर होते, तर माझ्या दारावर थापा. उघडलं तर काका, हात ओले, डोळे ओले. "चाललं वो ताई! तिनं हात उचलले. म्हणाली, टोक धर."

"नाव घेतलं?" मी विचारलं.

"नाही. टोक धर रे, म्हणाली. रे म्हणाली." मग लगेच स्वतःच समजूत घातली, "हे तात्पुरतं आहे ना. कार्ड आलं की घेईल नाव."

रोज शिट्टी. रोज घडी. रोज "टोक धर रे." सुट्टीच्या दिवशी मी अकरा वाजेपर्यंत घरातून हलायचे नाही, कारण न ऐकता जाववेना. आणि रोज संध्याकाळी माझा पहिला प्रश्न, "शमीमचा फोन?" ते मान हलवायचे. शमीमला मी स्वतः किती फोन केले असतील! शेवटी तो माझा फोन उचलेनासा झाला.

जानेवारीत आठवडाभर सूर्य दिसला नाही. काकूंच्या छातीत कफ झाला, न्यूमोनिया म्हणाले, दवाखान्यात न्यावं लागलं. पहिल्या दिवशी त्या खूष होत्या. खऱ्या वॉर्डात आल्या होत्या ना! तापातही तिथल्या नर्सला म्हणाल्या, "हा कोपरा असा नाही दुमडत, तुला शिकवलं कुणी?" दुसऱ्या दिवशी बोलणं थांबलं. तिसऱ्या दिवशी मी भेटायच्या वेळेला गेले तर काका पलंगाशी वाकून उभे होते आणि अगदी बारीक शिट्टी वाजवत होते. पलीकडून सिस्टर आली, "अंकल, यहाँ सीटी मत बजाइए, मरीज़ हैं." काका म्हणाले, "जी मॅडम." ती गेली की पुन्हा सुरू. काकूंनी डोळे उघडले नाहीत. पण चादरीवरची त्यांची बोटं हलली, काठ चिमटीत धरला, आणि धरून ठेवला. काकांनी दुसरं टोक उचललं. असे ते किती वेळ उभे होते कोण जाणे. मी बाहेर गेले, मला पाहवेना. चार वाजता काकू गेल्या. नाव न घेताच गेल्या.

अनिकेत आला, भंडाऱ्याहून माणसं आली, भंते आले, त्रिसरण-पंचशील झालं. काका सगळं नीट करत होते. लोक म्हणत, केवढा धीराचा माणूस. पुण्यानुमोदन झालं आणि दुसऱ्याच दिवशी शमीमचा फोन आला. "अंकल, कार्ड मिल गया."

मी तर फोन हिसकावूनच घेणार होते. आता कशाला हवंय, नको सांगा. अनिकेतही म्हणाला, "बाबा, राहू द्या ना." काका म्हणाले, "ऑर्डर माझी आहे. माणसानं शोधून आणलं. अन् चिठ्ठी लागून आहे अजून." ते स्वतः जाऊन कार्ड घेऊन आले. दिवसभर लागून बसवलं. टायमर काढला, ती चिठ्ठी काढली. मी बॅटरी धरून उभी होते. मग ते उठले, बाथरूमचं दार आतून लोटलं, आणि तेव्हा मला दिसलं. दाराच्या आतल्या बाजूला, त्यांच्या छातीएवढ्या उंचीवर, जिथे उभे राहून ते शिट्टी वाजवायचे तिथे, एक चिठ्ठी होती. "तात्पुरते. पार्ट आल्यावर काढणे." खाली सही. काकांनी ती नखाने हळूहळू सोडवली, दुमडली, आणि स्वेटरच्या खिशात टाकली.

मग एक चादर आणली. काकूंच्या पलंगावरची, त्या दवाखान्यात गेल्यापासून तशीच होती. मशीनमध्ये घातली, बादल्या ओतल्या. तासभर आम्ही दोघं हॉलमध्ये बसून राहिलो. काकूंची खुर्ची समोर होती. काकांनी उठून सुतळी ओढली, पाणी गेलं, टब गरगरला, थांबला.

आणि ते वाजलं. पूर्ण, पहिल्यापासून शेवटपर्यंत, स्वच्छ. मी हुंदका आवरला. काका मात्र रडत नव्हते. ते मान तिरकी करून ऐकत होते, आणि त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"ताई," ते म्हणाले, "मी चुकीचं वाजवत होतो वो."

"काय काका?"

"शेवटचा सूर. तो वर जातो. मी खाली नेत होतो." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "म्हणून तिनं नाव नाही घेतलं. मलेच नाही आलं बरोबर."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. काका, सूर तुमचा नाही चुकला, मशीन मी घालवलं, तिची बोटं मी सोडवली, तुमची दहा मिनिटं मी नेली. एवढं सगळं घशाशी आलं होतं. पण ते चादर घेऊन आले होते आणि सवयीने दोन टोकं खुर्चीकडे पुढे करून उभे होते. मी उठले आणि ती दोन टोकं धरली. काका म्हणाले, "असं नाही ताई. काठ आत." मी काठ आत घेतला. दोन पावलं पुढे गेले. आम्ही घडी घातली आणि मी एक अक्षर बोलले नाही.

महिन्याभरात अनिकेत त्यांना बंगलोरला घेऊन गेला. बाकी सामान वाटून टाकलं, नवीन मशीन खोक्यासकट परत पाठवलं. जुनं मात्र काकांनी ट्रकमध्ये चढवायला लावलं, त्यासाठी मुलाशी भांडले म्हणे. पुढच्या दिवाळीआधीच काकाही गेले, अनिकेतने फोनवर सांगितलं. पण मी पाहिले ते शेवटचे काका टॅक्सीतले. गेटपर्यंत मी सोबत गेले होते. त्यांनी मला "जय भीम ताई, येतो" म्हटलं, काच खाली केली, आणि बाहेर पाहत बसले. मी वाकून काही बोलणार, आता तरी बोलणार, तेवढ्यात टॅक्सी निघाली. गेटाबाहेर वळायला थांबली तेव्हा मला शिट्टी ऐकू आली. काका तेच वाजवत होते, सावकाश, एकेक सूर चाचपत. शेवटाला आले आणि अडखळले. परत पहिल्यापासून सुरू केलं. आणि या वेळी शेवटचा सूर वर नेला, अगदी बरोबर.